क्रमाचे प्रमाण

दोन विधाने एकाच क्षणी लागू होतात, दोन्ही सारखीच अधिकृत असतात आणि त्यांपैकी कोणते आधी अमलात येते यावर परिणाम बदलतो, अशा स्थितीत ‘आधी’ कशाला म्हणायचे हा प्रश्न वरवर तांत्रिक वाटतो. पण मुळात तो प्रामाण्याचा, म्हणजे एखादी गोष्ट खरी मानण्यास आधार कोणता याचा, प्रश्न आहे. जे घडून गेले त्याचा क्रम पाहता येतो, परंतु जे अजून करायचे आहे त्याचा क्रम डोळ्यांना दिसत नाही. तो वचनातून काढावा लागतो, आणि वचन मुके असेल तर अन्य कशातून तरी. पूर्वमीमांसेने हा प्रश्न यज्ञाच्या संदर्भात हाताळला आणि जैमिनीच्या सूत्रग्रंथाचा पाचवा अध्याय त्याच्याचसाठी राखून ठेवला. विसाव्या शतकाच्या अखेरीस हाच प्रश्न अगदी निराळ्या ठिकाणी, पाने जमवून खेळायच्या पत्त्यांच्या खेळात, नव्याने उभा राहिला. दोन्हीकडच्या उत्तरांत जे साम्य आढळते ते उसनवारीने आले असे मानण्यास काही कारण नाही, आणि म्हणूनच ते विचार करण्याजोगे आहे.

‘मॅजिक: द गॅदरिंग’ हा खेळ रिचर्ड गारफील्ड या गणितज्ञाने रचला आणि ‘विझर्ड्स ऑफ द कोस्ट’ या अमेरिकी कंपनीने तो १९९३ साली बाजारात आणला. बावन्न पत्त्यांच्या खेळात नियम खेळाचे असतात आणि पाने मुकी असतात. इथे मात्र प्रत्येक पानावर त्याचा स्वतःचा नियम छापलेला असतो, अशी वीस हजारांहून अधिक वेगवेगळी पाने आजवर निघाली आहेत, आणि प्रत्येक खेळाडू त्यांतून आपल्या पसंतीचा जोड बांधून खेळायला बसतो. पानावरचा मजकूर आणि नियमपुस्तक यांच्यात विरोध आला तर पान श्रेष्ठ, हे या खेळाचे पहिले सूत्र आहे. व्याकरणशास्त्रात सामान्य नियमाला उत्सर्ग आणि त्याला छेद देणाऱ्या विशेष नियमाला अपवाद म्हणतात, व अपवाद नेहमीच बलवान ठरतो. तोच हा न्याय. मात्र दोन्ही बाजूंना अपवादच उभे असले, पान विरुद्ध पान अशी गाठ पडली, तर या न्यायाने काहीच सुटत नाही, आणि कोणती दोन पाने कधी समोरासमोर येतील याचा अंदाज ती लिहिणाऱ्यालाही बांधता येत नाही.

यातला सोपा भाग ‘स्टॅक’ने, म्हणजे चळतीने, सुटतो. खेळाडूने टाकलेला मंत्र लगेच फळत नाही. तो चळतीवर जाऊन थांबतो, प्रतिपक्षाला त्यावर काही टाकण्याची संधी मिळते, आणि दोघांनीही लागोपाठ ‘आणखी काही नाही’ असे म्हटल्यावर चळतीतले सर्वांत वरचे, म्हणजे सर्वांत शेवटी आलेले, आधी फळते. एका खेळाडूपुढे ‘ग्रिझ्ली बेअर्स’ हे पान आहे असे समजावे. हा क्रीचर, म्हणजे लढणारा जीव, असून त्याचा मारा दोन आणि तगही दोन आहे. तग म्हणजे किती इजा झाली की तो मरतो ते माप. त्याचा धनी त्याच्यावर मारा आणि तग तीन-तीनने वाढवणारा ‘जायंट ग्रोथ’ टाकतो, आणि तो चळतीवर असतानाच प्रतिपक्ष तीन इजा करणारा ‘लाइटनिंग बोल्ट’ सोडतो. बोल्ट वर असल्याने तो आधी फळतो, दोन तग असलेले अस्वल मरते, आणि खाली उरलेल्या वाढीच्या मंत्राला लक्ष्यच न राहिल्याने तो वाया जातो. आता हीच पाने उलट क्रमाने पडली, म्हणजे आधी बोल्ट आणि त्याला उत्तर म्हणून वाढ, तर अस्वलाची तग आधी पाच होते आणि तीन इजा सोसून ते जगते. पाने तीच, खेळाडू तेच, मजकुरात अक्षराचाही फरक नाही; अस्वल जगले की मेले हे केवळ क्रमाने ठरले.

या व्यवस्थेत काळ मोजायला घड्याळ लागत नाही. एक संधी सरणे हाच इथला क्षण आहे, आणि दोन संधींच्या दरम्यान खेळाच्या दृष्टीने काहीही घडत नाही. आधी, नंतर, एकाच वेळी अशा प्रतीतींवरून काळाचे अनुमान करणाऱ्या वैशेषिकांना ही रचना परकी वाटली नसती. तरीही चळत ही सोपीच गोष्ट आहे, कारण तिच्यावर येणारी प्रत्येक गोष्ट कोणीतरी केव्हातरी टाकलेली असते. खरी अडचण येते ती सतत लागू राहणाऱ्या परिणामांत. ‘सर्व क्रीचर असे असे आहेत’ असे म्हणणारे पान मांडले की ते हटेपर्यंत त्याचा अंमल अखंड चालू असतो, आणि अशी दोन पाने शेजारी असली तर दोघांचाही अंमल प्रत्येक क्षणी असतो. तिथे आधी आणि नंतर म्हणायला घटनाच नाही.

‘ह्युमिलिटी’ हे १९९७ मधले पान म्हणते की सर्व क्रीचरांच्या अंगची सर्व सामर्थ्ये नाहीशी होतात आणि त्यांचा मूळ मारा व तग एक-एक होतात. ‘ओपलेसन्स’ हे १९९९ मधले पान म्हणते की काही वर्ग वगळता बाकीची सर्व एन्चांटमेंट, म्हणजे मांडून ठेवलेली परिणामकारी पाने, हीसुद्धा क्रीचर होतात, आणि जेवढे त्यांचे मोल तेवढा त्यांचा मारा व तग. ही दोन्ही पाने एन्चांटमेंटच आहेत. दोन्ही मांडली की ह्युमिलिटी क्रीचर होते. क्रीचर झाल्यामुळे तिच्याच मजकुराने तिचे सामर्थ्य जाते. सामर्थ्य गेल्यावर तिचा अंमल संपायला हवा. अंमल संपला तर सामर्थ्य परत यायला हवे. आणि ते परत आले की पुन्हा जायला हवे. दीर्घकाळ खेळाडूंना आणि पंचांना या जोडीने छळले आहे.

नियमपुस्तकाने त्यावर सात थरांची व्यवस्था दिली. कोणते पान कोणाची नक्कल आहे हे पहिल्या थरात पाहायचे, मग ते कोणाच्या ताब्यात आहे, मग त्याच्या मजकुरातले बदल, मग त्याची जात, मग रंग, मग सामर्थ्ये, आणि सर्वांत शेवटी मारा व तग यांचे आकडे. शिवाय एखाद्या पानाचा अंमल एका थरात सुरू झाला की पुढच्या थरांतही तो चालू राहतो, मग मध्येच त्याचे सामर्थ्य गेले तरी. म्हणून ह्युमिलिटी चौथ्या थरात क्रीचर होते, सहाव्यात सर्वांची आणि स्वतःचीही सामर्थ्ये काढून घेते, पण अंमल सुरू झालेला असल्याने सातव्यातही आपले म्हणणे मांडते. तिथे ओपलेसन्स तिला तिच्या मोलाएवढी, म्हणजे चार-चार, करू पाहते, ती स्वतःला एक-एक करू पाहते, आणि जे पान नंतर मांडले गेले त्याचे म्हणणे टिकते. चक्र थांबते, कारण मागच्या थराला पुढच्या थरात काय झाले ते दिसतच नाही. पाणिनीच्या अष्टाध्यायीतील शेवटच्या तीन पादांची, म्हणजे त्रिपादीची, व्यवस्था नेमकी अशी आहे: तिथे झालेले कार्य आधीच्या सूत्रांच्या दृष्टीने असिद्ध, म्हणजे झालेच नाही असे, समजले जाते, आणि त्यामुळे एका सूत्राने केलेला बदल उलट जाऊन दुसऱ्या सूत्राला पुन्हा जागा करत नाही.

थर सातच का, असे विचारता येईल, आणि संख्येत काही पावित्र्य नाही हे खरेच आहे. परंतु त्यांचा क्रम मनमानी नाही. वस्तू कोण आहे हे आधी, तिच्या अंगी काय आहे हे नंतर, आणि तिचे माप शेवटी, या क्रमात पदार्थविचार दडलेला आहे. न्याय-वैशेषिकांनी उत्पत्तीच्या पहिल्या क्षणी द्रव्य निर्गुण असते असे मानले, कारण गुणाला आश्रय देणारे द्रव्य त्याच्या आधी असल्याशिवाय गुण राहणार कोठे. आश्रय आधी आणि आश्रित नंतर ही मांडणी तत्त्वज्ञांनी जगाविषयी केली आणि नियमकारांनी पानांविषयी. दोघांनाही ती सोयीपेक्षा अधिक काहीतरी वाटली असली पाहिजे.

हे अधिक स्पष्ट दिसते ते एकाच थरातल्या विरोधात. सर्वसाधारण नियम असा की एकाच थरात दोन परिणाम असतील तर ते मांडल्याच्या वेळेनुसार लावायचे. ‘ब्लड मून’ हे पान म्हणते की मूळ पाच प्रकारांबाहेरच्या सर्व जमिनी ‘माउंटन’ आहेत. त्यामुळे त्या जमिनींवर छापलेली अन्य सामर्थ्ये जातात. ‘अर्बोर्ग, टूम ऑफ यॉगमॉथ’ ही मूळ प्रकारांबाहेरची एक जमीन आहे, आणि तिच्यावर लिहिलेले आहे की प्रत्येक जमीन अन्य प्रकारांसोबत ‘स्वॉम्प’ही आहे. अर्बोर्ग आधी मांडली आणि ब्लड मून नंतर आला, तर वेळेनुसार आधी सर्व जमिनी स्वॉम्प व्हायला हव्यात. पण तसे होत नाही. ब्लड मून लावला की अर्बोर्गचे ते वचनच उरत नाही, म्हणजे अर्बोर्गचा अंमल असणे-नसणे ब्लड मूनवर अवलंबून आहे; आणि नियम सांगतो की जिथे असे अवलंबन असेल तिथे ज्याच्यावर दुसरे अवलंबून आहे ते आधी लावायचे, मांडल्याची वेळ काहीही असो.

मीमांसकांनी अशा ठिकाणी अर्थक्रम सांगितला. क्रम ठरवणारी सहा प्रमाणे त्यांनी मानली: साक्षात शब्दाने सांगितलेला श्रुतिक्रम, प्रयोजनावरून ठरणारा अर्थक्रम, वाक्यांच्या मांडणीवरून येणारा पाठक्रम, आणि त्यांच्या मागून स्थान, मुख्य व प्रवृत्ती यांवरून येणारे क्रम, यांत आधीचे प्रमाण नंतरच्याहून बलवान. अर्थक्रमाचे नेहमीचे उदाहरण अग्निहोत्राचे आहे. वेदात होम करण्याचे वाक्य आधी आणि यवागू, म्हणजे पातळ पेज, शिजवण्याचे वाक्य नंतर येते. पाठ पाहिला तर होम आधी. परंतु ती पेज होमासाठीच आहे. होम उरकल्यावर शिजवली तर तिचे काही प्रयोजन उरत नाही आणि होमाला द्रव्यही मिळत नाही. म्हणून पाठ बाजूला सारून पाक आधी, होम नंतर. वेदाचे अक्षर ज्यांना इकडचे तिकडे करायचे नव्हते त्यांनीच वाक्यांच्या क्रमाला वस्तूंच्या परस्परावलंबनापुढे गौण मानले, यात मोठे बौद्धिक धैर्य आहे. मांडल्याची वेळ हा खेळातला पाठक्रम आहे आणि अवलंबन हा अर्थक्रम. दोन्ही परंपरांनी त्यांचे बलाबल एकसारखे लावले, कारण दुसरे काही लावले असते तर एक विधान पोकळ ठरले असते. एक भेद मात्र नोंदवायला हवा. दोन परिणाम एकमेकांवरच अवलंबून असले, ज्याला तर्कशास्त्रात अन्योन्याश्रय हा दोष म्हणतात, तर खेळाचा नियम अवलंबनाचा विचार सोडून देतो आणि पुन्हा वेळेकडे वळतो. जिथे प्रयोजन वाट दाखवू शकत नाही तिथे केवळ आधी आलेपण पुरेसे मानावे, ही कबुली त्यात आहे.

आणि आधी आलेपणही नसेल तर? दोन्ही खेळाडूंच्या पानांवरची सामर्थ्ये एकाच घटनेने एकाच क्षणी जागी झाली, तर ज्याची पाळी चालू आहे तो आपली सामर्थ्ये स्वतःला हव्या त्या क्रमाने चळतीवर ठेवतो, त्यावर दुसरा आपली ठेवतो. इथे नियमाने उत्तर देणे सोडून माणसाच्या हाती निवड दिली. पण चळतीवर एकदा लावलेला क्रम मागाहून मनात येईल तसा बदलता येत नाही. वाजपेय यज्ञातील प्रवृत्तिक्रम याच्या अगदी जवळचा आहे. त्यात प्रजापतीला सतरा पशू अर्पण करायचे असतात, आणि एकेका पशूचे सर्व संस्कार पुरे करत जाण्याऐवजी पहिला संस्कार सतराही पशूंवर, मग दुसरा संस्कार सतराही पशूंवर, असे करायचे असते. पहिल्या संस्काराच्या वेळी सुरुवात कोणत्याही पशूपासून करावी, शास्त्राचे काही म्हणणे नाही. दुसऱ्या वेळी मात्र तोच क्रम पाळायचा, कारण तसे केले तरच प्रत्येक पशूच्या दोन संस्कारांमध्ये सोळा इतरांचे अंतर राहते. क्रम बदलला तर कोणाच्या वाट्याला अंतर कमी येईल, कोणाच्या वाट्याला जास्त. पहिली निवड मोकळी, पण तिने पुढच्या सर्वांना सारखेपणाची हमी दिली आहे म्हणून ती बांधून घेते.

मीमांसक निवडीकडे सहज वळत नाहीत. विकल्प, म्हणजे हे किंवा ते अशी मुभा, मानली तर आठ दोष येतात असे ते सांगतात, कारण एक वाक्य स्वीकारताना दुसऱ्या तितक्याच प्रमाण वाक्याला त्या वेळेपुरते अप्रमाण ठरवावे लागते. तरीही अतिरात्र यज्ञात षोडशी नावाचे पात्र घ्यावे असेही वचन आहे आणि घेऊ नये असेही, तेव्हा विधी व निषेध दोन्ही वेदातलेच असल्याने त्यांनी नाइलाजाने विकल्प मान्य केला. मॅजिकचा नियम इथे फारकत घेतो: एक पान ‘करता येईल’ म्हणते आणि दुसरे ‘करता येणार नाही’ म्हणते, तेव्हा निषेधच जिंकतो. हा निवाडा झटपट आहे, पण दोन समबल वचनांपैकी एकाला कायमचे खाली बसवण्याची त्याला काही खंत नाही, आणि या बाबतीत मीमांसकांची अस्वस्थता अधिक प्रामाणिक वाटते.

या सर्वांच्या मुळाशी असलेला प्रश्न असा, की पंच जेव्हा क्रम सांगतो तेव्हा तो मजकुरात असलेले उत्तर शोधतो की नसलेले उत्तर निर्माण करतो. मीमांसकांच्या मते वेद अपौरुषेय आहे, त्याला कर्ता नाही, म्हणून कर्त्याला काय म्हणायचे होते हा प्रश्नच संभवत नाही आणि अर्थ वाक्यांतूनच काढावा लागतो. मॅजिकचे नियमकार तर हयात आहेत, नव्या पानांबरोबर नियमपुस्तक सुधारत असतात, जुन्या पानांचा अधिकृत मजकूरही बदलतात, इतका की खेळाडूच्या हातातल्या पानावर छापलेले शब्द आणि त्याचा बंधनकारक मजकूर हे नेहमी एक असतीलच असे नाही. मग त्यांना विचारले की झाले, असे वाटू शकते. परंतु पट मांडलेला असताना रचनाकाराचा हेतू हा पुरावा होत नाही. मजकूर बदलेपर्यंत मजकूरच खरा. कर्ता असूनही तो नसल्यासारखे वाचायचे, हे बंधन खेळाने स्वतःहून पत्करले आहे, आणि समोरासमोर बसलेल्या दोघांनाही तेच पुस्तक सारखे उपलब्ध असते, हे त्याचे कारण पुरेसे आहे.

यावर एक गंभीर आक्षेप आहे. १९९९ साली सहाव्या आवृत्तीबरोबर चळतीची व्यवस्था आली आणि ‘इंटरप्ट’ हा अधिक वेगवान मानलेला मंत्रांचा सबंध वर्ग रद्द झाला. लढाईतली इजादेखील चळतीवर ठेवली जाऊ लागली. २००९ साली ती पुन्हा चळतीवरून काढली गेली. ‘मॉग फनॅटिक’ हा एक मारा, एक तग असलेला क्रीचर, ज्याचा बळी देऊन कोठेही एक इजा करता येते. इजा चळतीवर असताना त्याचा बळी देता येत होता, म्हणजे लढाईतली एक आणि बळीची एक अशा दोन्ही इजा पदरात पडत. २००९ नंतर दोहोंपैकी एकच निवडावी लागते. पानावरचा एकही शब्द बदलला नाही आणि पानाचा अर्थ बदलला. मग उत्तर मजकुरात होते असे कसे म्हणायचे? याचे उत्तर असे की वाक्याचा अर्थ एकट्या वाक्यात नसतो. ते ज्या प्रयोगव्यवस्थेत उच्चारले जाते तिच्यासकट तो असतो, आणि व्यवस्था बदलली तेव्हा जुने उत्तर खोटे ठरले नाही, जुना खेळ संपून नवा सुरू झाला. इंग्लिश विधिचिंतक एच. एल. ए. हार्ट यांनी १९६१ मधल्या ‘द कन्सेप्ट ऑफ लॉ’ या ग्रंथात खेळाचेच उदाहरण घेऊन दाखवले की निर्णय देणाऱ्याचा शब्द अंतिम असणे वेगळे आणि तो म्हणेल तोच नियम असणे वेगळे. स्पर्धेत पटाजवळच्या पंचाविरुद्ध मुख्य पंचाकडे दाद मागता येते, आणि मुख्य पंचाचा शब्द अंतिम असतो. पण तो चुकू शकतो, आणि तो चुकला असे म्हणता येते, याचाच अर्थ बरोबर उत्तर त्याच्या तोंडाबाहेर कोठेतरी आहे.

अर्थात विरोध सोडवणारा नियमही शेवटी वाक्यच असतो आणि त्याचाही अर्थ लावावा लागतो. दोन सूत्रे एकाच ठिकाणी लागू पडली तर अष्टाध्यायीतले पुढचे सूत्र बलवान, असे पाणिनीच्या एका सूत्राचे परंपरेने केलेले व्याख्यान आहे. ते पुरे पडत नाही म्हणून पुढच्या वैयाकरणांनी परसूत्राहून नित्य, म्हणजे दुसरे सूत्र लागले वा न लागले तरी लागू पडणारे, बलवान, नित्याहून अंतरंग, म्हणजे ज्याचे निमित्त अधिक आतले ते, आणि सर्वांहून अपवाद, अशी उतरंड रचली. काशीनिवासी महाराष्ट्रीय वैयाकरण नागेशभट्ट यांच्या ‘परिभाषेन्दुशेखर’ ग्रंथात ती सविस्तर आली आहे, आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात अध्यापन करणाऱ्या फ्रान्झ कीलहॉर्न यांनी त्या ग्रंथाचे संपादन व इंग्रजी भाषांतर एकोणिसाव्या शतकात केले. २०२२ साली केंब्रिज विद्यापीठातल्या प्रबंधात ऋषी राजपोपट यांनी मात्र पाणिनीच्या त्या मूळ सूत्राचेच व्याख्यान निराळे केले, आणि त्यावर विद्वानांत मतभेद आहेत. निर्णयाच्या नियमाला आणखी एक नियम, त्यालाही आणखी एक, अशी अनवस्था इथे डोकावते.

२०१९ साली अॅलेक्स चर्चिल, स्टेला बायडरमन आणि ऑस्टिन हेरिक यांनी याहून कठोर मर्यादा दाखवली. मॅजिकच्या अधिकृत नियमांत राहून पाने अशी मांडता येतात की पुढची प्रत्येक हालचाल सक्तीची होते आणि तो पट एखादे गणनयंत्र चालावे तसा चालू लागतो. अशा पटावर डाव कोण जिंकेल हे आगाऊ सांगणारी सर्वसाधारण रीत असूच शकत नाही. प्रत्येक पायरीवर पुढे काय, याचे एकच बरोबर उत्तर आहे आणि कोणताही चांगला पंच ते देऊ शकतो. शेवट काय, याचे उत्तर काढण्याची पद्धत मात्र नाही. उत्तर मजकुरात असतेच, ही श्रद्धा त्यामुळे मोडत नाही, पण तिचे क्षेत्र रेखले जाते. मीमांसकांनी ते आधीच रेखले होते. त्यांच्या मते क्रम हा प्रयोगविधीचा, म्हणजे कर्म कसे पार पाडायचे ते सांगणाऱ्या विधीचा, विषय आहे. फळ अपूर्व नावाच्या अदृष्ट शक्तीवर सोपवलेले असते आणि यज्ञ करणाऱ्याला ते आधी पाहायचे नसते. प्रयोगविधीला क्रम का हवा याचे त्यांनी दिलेले कारण तर विलक्षण साधे आहे: कर्म विलंबाशिवाय व्हावे, आणि हे आधी करू की ते आधी करू या संशयात कर्त्याचा हात अडू नये. स्पर्धेतल्या पंचाचे कामही इतकेच आहे. फेरीला साधारणपणे पन्नास मिनिटे असतात, आणि पंचाला क्रम ठरवताना एका मिनिटाहून अधिक वेळ लागला तर तो त्या पटाच्या वेळेत भरून दिला जातो.